आय७ सोबत ४०५० घ्यावा, की आय५ सोबत ४०६०?

समोर दोन लॅपटॉप आहेत. पहिल्यात इंटेल कोअर आय७-१३६५०एचएक्स प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड, दुसऱ्यात कोअर आय५-१३४५०एचएक्स आणि आरटीएक्स ४०६०. रॅम आणि एसएसडी सारखीच, किंमतही जवळपास तेवढीच. आय७ हे नाव पाहून पहिल्याकडे हात जातो. गेम खेळायचे असतील तर तो हात आवरा.

आधी प्रोसेसर पाहू. आय७ मध्ये १४ कोअर आहेत, आय५ मध्ये १०. पण हे कोअर दोन प्रकारचे असतात: जड कामाचे पी-कोअर आणि कमी वीज खाणारे ई-कोअर. पी-कोअर दोघांतही ६च आहेत. आय७ मध्ये जास्तीचे आहेत ते ४ ई-कोअर. कमाल वेग ४.९ गिगाहर्ट्झ विरुद्ध ४.६, म्हणजे फरक सहा-सात टक्क्यांचा. गेमचा मुख्य भार मोजक्या जोरदार कोअरवर पडतो, त्यामुळे जास्तीचे ई-कोअर तिथे बहुतेक वेळ रिकामेच बसतात.

ग्राफिक्स कार्डांमधला फरक मात्र प्रत्येक फ्रेममध्ये दिसतो. ४०५० मध्ये २५६० कुडा कोअर (कार्डातले आकडेमोड करणारे छोटे भाग), ६ जीबी मेमरी आणि ९६ बिटचा मेमरी-मार्ग आहे. ४०६० मध्ये ३०७२ कोअर, ८ जीबी आणि १२८ बिट. यातली २ जीबी जास्तीची मेमरी सर्वांत मोलाची. नव्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) 'हाय' वर ठेवलं की ६ जीबी लवकर भरते. मग उरलेला डेटा लॅपटॉपच्या मुख्य रॅममध्ये ठेवावा लागतो आणि तिथून तो कार्डापर्यंत बऱ्याच सावकाश पोहोचतो. सरासरी फ्रेमचा आकडा ठीक दिसतो, पण वळण घेताना किंवा नवा भाग लोड होताना चित्र अडखळतं. असं होत असेल तर सगळी सेटिंग्ज खाली आणू नका. फक्त टेक्स्चर एक पायरी कमी करा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

आय७ कुणी घ्यावा? मोठे प्रोजेक्ट कंपाइल करणाऱ्यांनी, एकाच वेळी दोन-तीन व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांनी, प्रोसेसरवर रेंडर करणाऱ्यांनी. अशा कामात चौदाच्या चौदा कोअर खरोखर राबतात. ब्लेंडरमध्ये ग्राफिक्स कार्डावर रेंडर करत असाल किंवा भाषेची एआय मॉडेल लॅपटॉपवरच चालवायची असतील, तर पुन्हा ४०६० कडे वळा. ७ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलमधल्या आकड्यांचं) मॉडेल प्रत्येक आकडा १६ बिटमध्ये साठवला तर सुमारे १४ जीबी जागा घेतं, म्हणजे ते दोन्ही कार्डांत मावणार नाही. ४ बिटमध्ये आणलं की साधारण ४ जीबीत बसतं. पण संभाषण लांबत जाईल तशी आणखी मेमरी लागते, आणि ६ जीबीत तिची पटकन ओढाताण होते. केवळ मेमरीसाठी ४०७० चा विचार करत असाल तर थांबा: लॅपटॉपच्या ४०७० मध्येही ८ जीबीच असते.

अजून एक कारण आहे, ज्यासाठी आम्ही ग्राफिक्स कार्डाला आधी पसंती देतो. रॅमचे स्लॉट असतील तर रॅम वाढवता येते, एसएसडीही बदलता येते. ग्राफिक्स कार्ड आणि त्याची मेमरी मात्र जवळपास सगळ्याच लॅपटॉपमध्ये बोर्डावर कायमची जोडलेली असते. जे नंतर बदलता येणार नाही, ते आजच नीट निवडा.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर

तुमची जोडी वेगळी असेल तर आय५, आय७ याआधी शेवटचं अक्षर वाचा. आय७-१३५५यू आणि आय५-१३५००एच घ्या. पहिल्यात २ पी-कोअर आणि ८ ई-कोअर, मूळ वीजमर्यादा १५ वॅट. दुसऱ्यात ४ पी-कोअर आणि ८ ई-कोअर, मर्यादा ४५ वॅट. सलग जड कामात इथे आय५च पुढे राहतो. बॅटरी जास्त टिकायला हवी, काम लिखाणाचं आणि ब्राउझरचं असेल, तर 'यू' योग्य.

इंटेलची स्पर्धक एएमडी हिच्या प्रोसेसरांच्या ७००० मालिकेत तिसरा अंक बघा, तो रचनेची पिढी सांगतो. ७५२०यू मध्ये जुनी झेन २ रचना आहे, ७७३५एचएस मध्ये झेन ३+, ७८४०एचएस मध्ये झेन ४. तिन्हींची सुरुवात ७ ने होते, म्हणून तिघांना एकाच वयाचे समजणं ही नेहमीची फसगत आहे.

वॅट विचारल्याशिवाय कार्डाची तुलना करू नका

सर्वांत जास्त चूक इथे होते. ४०५० असो, ४०६० असो की ४०७०, लॅपटॉप बनवणारी कंपनी त्याला ३५ ते ११५ वॅटच्या दरम्यान कितीही वीज देऊ शकते. खोक्यावर नाव मात्र तेच छापतात. पातळ, हलक्या लॅपटॉपमधलं ४५ वॅटचं ४०६० हे १०० वॅटच्या ४०५० च्या मागे पडतं. तेव्हा वरचा आमचा कौल दोन्ही कार्डांना सारखी वीज मिळत असेल तरच खरा.

हा आकडा कंपनीच्या तपशीलपत्रात 'टीजीपी' किंवा 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' या नावाने असतो. १४० वॅट लिहिलं असेल तर ते बहुधा ११५ अधिक डायनॅमिक बूस्टचे २५ असतात. हे २५ वॅट प्रोसेसरच्या वाट्यातून उसने येतात, त्यामुळे प्रोसेसर कामात बुडालेला असेल तेव्हा मिळत नाहीत. ४०५० आणि ४०६० ला साधारण १०० वॅटनंतर फारसा लाभ होत नाही. म्हणून ११५ की १४० यावर डोकं शिणवू नका, ६० की १०० हे मात्र जरूर तपासा. तपशीलपत्रात आकडाच नसेल तर विक्रेत्याला थेट विचारा. लॅपटॉप हाताशी असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये तो दिसतो.

चार्जरवरूनही अंदाज येतो. त्यावर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर गुणा: २० व्होल्ट गुणिले ११.५ अँपिअर म्हणजे २३० वॅट. ग्राफिक्सला १००, प्रोसेसरला ५०-६०, शिवाय पडदा आणि पंखे. १७० वॅटच्या चार्जरवर हे काठावर बसतं. यूएसबी-सीच्या १०० वॅट चार्जरवर गेम चालवला तर एक तर कार्डाचा वेग आवळला जातो, नाहीतर चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते.

घरी आणल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी

चार्जर लावा, पॉवर मोड 'परफॉर्मन्स' वर ठेवा आणि सिनेबेंच आर२३ या प्रोसेसर तपासणाऱ्या प्रोग्रॅमची १० मिनिटांची मल्टी-कोअर चाचणी चालवा. शेजारी तापमान आणि वॅट दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम उघडा ठेवा. पहिल्या मिनिटातले वॅट आणि शेवटच्या मिनिटातले वॅट टिपा. थोडी घसरण होणारच, कारण सुरुवातीचा बूस्ट मुद्दामच थोड्या वेळापुरता दिलेला असतो. पण तापमान सतत १०० अंशांच्या आसपास आणि वॅट निम्म्यावर, असं दिसलं तर त्या लॅपटॉपची थंड ठेवणारी व्यवस्था अपुरी आहे. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून पुन्हा चाचणी घ्या. तरीही तेच दिसलं तर परत करा.

त्यानंतर तुमचा नेहमीचा गेम अर्धा तास खेळा आणि कार्डाचे वॅट पाहा. गादीवर किंवा मांडीवर नाही, टेबलावर ठेवून. खालची हवेची वाट बंद झाली तर सगळे आकडे खोटे ठरतात.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' पाहा. १६ जीबी म्हणजे ८ च्या दोन पट्ट्या हव्यात. एकच पट्टी असेल तर मेमरीची रुंदी अर्धी होते. ज्यात वेगळं कार्ड नाही अशा लॅपटॉपला हे सर्वाधिक भोवतं, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. पट्टी एकच असली आणि दुसरा स्लॉट रिकामा असला तर काळजी नको, नंतर तशीच दुसरी बसवा.

पडदा तपासताना रंगांच्या व्याप्तीपुढे '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं दिसलं तर रंग फिके असणार. फोटो किंवा व्हिडिओचं काम असेल तर १०० टक्के एसआरजीबी (हेही रंगांच्या व्याप्तीचंच माप) असलेलाच घ्या. आणि लॅपटॉपमध्ये मक्स स्विच, म्हणजे पडदा थेट ग्राफिक्स कार्डाला जोडणारी सोय, आहे का, तेही विचारा. तो नसेल तर कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम प्रोसेसरच्या ग्राफिक्समधून वळसा घेऊन पडद्यावर येते आणि काही फ्रेम वाटेतच कमी होतात. बाहेरचा मॉनिटर वापरणार असाल तर हा वळसा टाळता येतो, मात्र त्यासाठी लॅपटॉपचं एचडीएमआय थेट कार्डाला जोडलेलं असायला हवं.