पक्षी नंतर, ढोली आधी: कूपतोडीपूर्वी सर्वेक्षणाला जाणाऱ्यांसाठी

सातपुड्यात रानपिंगळ्याच्या, म्हणजे जंगलातल्या एका दुर्मिळ छोट्या घुबडाच्या, कामाला निघाला असाल, तर मेळघाट, यावल, तोरणमाळ ही नावं तुम्हाला पाठ असणार. साध्या पिंगळ्याहून तो वेगळा कसा ओळखायचा हेही माहीत असेल: डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंजे दणकट, शेपटीवर रुंद पट्टे, भर दिवसा उघड्या फांदीवर बसायची सवय. त्यावर इथे वेळ घालवत नाही. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, जिथे दरवर्षी कूपतोड होते, म्हणजे कूप म्हणून ठरवलेल्या तुकड्यातली झाडं तोडली जातात, तिथली एक गोष्ट मला कुणीच आधी सांगितली नव्हती. तेवढी सांगते.

राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात वाळकं झाडसुद्धा हलवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २००० चा तसा आदेश आहे. बाहेरच्या सरकारी जंगलात मात्र छापणी (तोडायच्या झाडांवर हातोड्याने छाप मारणं) सुरू झाली की हातोडा आधी पडतो तो वाळलेल्या, पोकळ, वाकड्या, शेंडा मोडलेल्या झाडांवर. त्यामागचा हिशेब साधा आहे, सरळ वाढणाऱ्या सागाला जागा हवी. पण रानपिंगळ्याला स्वतः भोक पाडता येत नाही. सुतारपक्ष्याने कोरलेली किंवा फांदी कुजून झालेली ढोलीच, म्हणजे झाडातली पोकळी, त्याला लागते. रोहन, लेंडिया अशा झाडांत, साधारण पाच ते आठ मीटर उंचीवर, त्याची घरटी सापडली आहेत. थोडक्यात, आपल्याला जे झाड राखायचं असतं तेच सगळ्यात आधी छापलं जातं.

आता खरा फास. छापणी आणि तोड यांत काही महिने जातात. तोड सुरू होते पावसाळा सरल्यावर. रानपिंगळ्याची वीण ऑक्टोबर ते मे, आणि जोड्या जमण्याचा जोर जानेवारी-फेब्रुवारीत. करवत आणि अंडी एकाच हंगामात येतात. आपल्याला बोलावणं येतं ते मात्र छापणीच्या सुमारास. हातातल्या तक्त्यात रकाना असतो, ‘घरटे आढळले: होय/नाही’. ढोली दिसते, पक्षी नसतो, आपण प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहितो, आणि त्या ‘नाही’च्या आधारावर झाड जातं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंही शिकारीच्या व्याख्येत येतं आणि रानपिंगळा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहे. तरी ऑगस्टमधल्या मोकळ्या ढोलीसाठी हे कलम पुढे करून बघा, कुणी ऐकून घेत नाही. माझी सुरुवातीची धडपड याच फटीत गेली.

म्हणून पक्षी दिसो न दिसो, प्रत्येक ढोली नोंदवा. झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा घेर, ढोलीची उंची आणि दिशा, कंपार्टमेंट (जंगलाचा क्रमांक दिलेला तुकडा) नंबर, छाप पडलाय की नाही. कडा घासून गुळगुळीत झाल्यात का, बुंध्याशी पांढरी शिट, पिसं, सरड्या-उंदरांचे अवशेष आहेत का, ते बघा. पुन्हा सांगते, रिकामी ढोली म्हणजे ‘नाही’ नव्हे. रकान्यात जागा नसेल तर वेगळा कागद जोडा.

आणि हे काम हातोडा पडण्याआधी करा. छाप पडलेल्या प्रत्येक झाडाचा रजिस्टरमध्ये हिशेब द्यावा लागतो. नंतर ‘हे सोडा’ म्हणालात, तर समोरच्या वनपालावर कागदपत्रांचं ओझं पडतं. तो तुमचा शत्रू नाही.

ब्लूटूथ स्पीकरवर आवाज लावून पक्षी बोलवायचा मार्ग मला मान्य नाही. ऐन विणीत जोडी जास्त प्रतिसाद देते म्हणूनच लोक तेव्हा वाजवतात, आणि नर शिकार सोडून भांडायला येतो. तसंच जुन्या यादीतून नाव उचलून नवी यादी भरणं. हा पक्षी १८८४ नंतर थेट नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. मधल्या काळात ब्रिटिश पक्षीसंग्राहक माइनर्ट्‌झहागनने १९१४ चा म्हणून मिरवलेला नमुना वस्तुसंग्रहालयातून चोरलेला निघाला. त्या खोट्या नोंदीने शोधणाऱ्यांना भलत्याच जागी फिरवलं. तुमची एक आळशी नोंदही कुणाला तरी असंच फिरवेल.

मार्गदर्शक शहरातला नामवंतच हवा असं नाही. बीटवरच्या वनमजुराबरोबर महिनाभर चाला. गेल्या साली कुठल्या झाडात पोपट होते आणि कुठल्यात पिंगळे, हे त्याला नकाशाशिवाय ठाऊक असतं.

घाबरू नका. ‘कूप रद्द करा’ म्हणालात तर हाती काही लागणार नाही. पण झाडांची यादी देऊन ‘एवढी उभी राहू द्या, आणि नाल्याकाठचा हा तुकडा विणीनंतर घ्या’ म्हणालात, तर बहुतेक अधिकारी ऐकतात, असा माझा अनुभव आहे. त्याआधी त्या विभागाच्या कार्य आयोजनेत (जंगल व्यवस्थापनाच्या आराखड्यात) ढोलीच्या झाडांबद्दल काय लिहिलंय ते वाचून जा, म्हणजे मागणी त्यांच्याच कागदावर उभी राहते. तोड करणाऱ्या जंगल कामगार सोसायटीच्या मुकादमालाही राखीव झाडं प्रत्यक्ष दाखवा. यादी त्याच्यापर्यंत पोहोचेलच असं धरू नका. आणि तोड संपल्यावर तीच यादी घेऊन कंपार्टमेंटमध्ये पुन्हा जा, उभी झाडं आणि थुटं दोन्ही मोजा. पुढच्या वर्षीच्या कुपासाठी बोलायला बसाल तेव्हा हे आकडे लागतील.