पेन ड्राइव्हमधला फसवा शॉर्टकट : व्हायरस ओळखावा कसा, काढावा कसा

झेरॉक्सच्या दुकानातून अर्जाची प्रिंट काढून घरी यावे, पेन ड्राइव्ह संगणकाला लावावा आणि सगळे फोल्डर जागच्या जागी असूनही प्रत्येकाच्या चिन्हाच्या कोपऱ्यात एक छोटा वळलेला बाण दिसावा, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. त्या बाणाचा अर्थ असा, की समोर दिसतो आहे तो आपला फोल्डर नसून त्याच्या नावाने ठेवलेला शॉर्टकट आहे. मूळ फोल्डर व्हायरसने लपवलेला असतो. शॉर्टकटवर डबल क्लिक केले की आधी व्हायरसची स्क्रिप्ट चालते आणि लगोलग खरा फोल्डरही उघडतो, त्यामुळे काही वावगे घडल्याची शंकासुद्धा येत नाही.

खात्री करून घेण्यासाठी शॉर्टकटवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि ‘टार्गेट’ची ओळ वाचावी. तिथे सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट (आज्ञा आणि स्क्रिप्ट चालवणारे विंडोजमधील प्रोग्राम) यांचा उल्लेख असलेली लांबलचक आज्ञा आढळली, तर पुढे काहीही उघडू नये. घाबरून पेन ड्राइव्ह लगेच फॉरमॅट करणे ही या वेळची सर्वांत महागडी चूक होय, कारण बहुतेक वेळा आतला मजकूर शाबूत असतो आणि फॉरमॅट केल्याने तोच हातचा जातो.

आधी संगणक स्वच्छ करावा. तो बाधित असताना पेन ड्राइव्ह कितीही वेळा साफ केला, तरी पुन्हा लावताच त्यावर तेच शॉर्टकट उमटतात. म्हणून पेन ड्राइव्ह काढून ठेवून ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये जावे आणि ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडावा. संगणक पुन्हा सुरू होऊन, विंडोज चालू होण्यापूर्वीच ही तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला फारसा वाव राहत नाही. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही व्हायरस काढण्याची साधने मोफत मिळतात. मात्र दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू ठेवू नयेत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

त्यानंतर पेन ड्राइव्ह लावून तोही स्कॅन करावा. मग फोल्डर ऑप्शन्समधील ‘व्ह्यू’ या भागात लपलेल्या फाइल दाखवण्याचा पर्याय निवडावा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची खूण तात्पुरती काढावी. मूळ फोल्डर फिकट रंगात दिसू लागतील. त्यांतील कागदपत्रे आणि छायाचित्रे तेवढी संगणकावर उतरवून घ्यावीत. शॉर्टकट, ईएक्सई (प्रोग्राम) आणि व्हीबीएस (स्क्रिप्ट) प्रकारच्या फाइल मुळीच घेऊ नयेत. सगळे उतरल्याची खात्री झाली, की मगच पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा.

याच ‘व्ह्यू’मध्ये ‘हाइड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाइल टाइप्स’ हाही पर्याय असतो. एक्स्टेन्शन म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी, तिच्या नावाच्या शेवटची अक्षरे. त्यावरची खूण कायमची काढून टाकावी, असे मी आग्रहाने सांगेन. मे २०००मध्ये जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसच्या फाइलच्या नावाच्या शेवटी टीएक्सटी (साधा मजकूर) आणि त्यापुढे व्हीबीएस असे होते. शेवटचा भाग विंडोज लपवत असल्यामुळे लोकांना ते साधे पत्र वाटले. आज व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके (अँड्रॉइड ॲपची) फाइल त्याच जातीची फसवणूक आहे. पत्रिका पीडीएफ असते किंवा चित्र असते, तिला इन्स्टॉल करावे लागत नाही. असे ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि त्यातून बँकेचा ओटीपी चोरू शकते.

काही प्रकारांना मात्र आपल्या क्लिकचीही गरज नसते. १२ मे २०१७ रोजी पसरलेला वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस विंडोजमधील एका त्रुटीतून नेटवर्कवर आपोआप फिरला. ती त्रुटी बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. त्याच वर्षी जून अखेरीस पसरलेल्या नॉटपेट्या या व्हायरसनेही त्याच त्रुटीचा फायदा घेतला आणि न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले. म्हणून अपडेट पुढे ढकलू नये. विंडोज १०चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

अशा खंडणीखोर व्हायरसने फाइल कुलूपबंद केल्या, तर वेगळी ठेवलेली प्रत हाच भरवशाचा आधार उरतो. ती एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम संपताच डिस्क काढून कपाटात ठेवावी, कारण जोडलेली डिस्कही त्याच फेऱ्यात सापडते. महिन्यातून एकदा त्या प्रतीतील दोन-चार फाइल उघडूनही पाहाव्यात. बँक खात्यातून पैसे गेले असतील, तर आधी इंटरनेट बंद करावे आणि दुसऱ्या फोनवरून ताबडतोब १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावावा.