किती उरली आणि कशी उरली: जुन्या नाण्याचं मोल

नाणी जमवायला लागलो त्या पहिल्याच वर्षी एक काळपट चांदीचं नाणं मी टूथपेस्टनं घासून लख्ख केलं. एका जाणकारांनी ते भिंगाखाली तिरप्या उजेडात धरलं आणि केसासारखे बारीक, एकाच दिशेचे ओरखडे दाखवले. टाकसाळीत ठसा बसताना धातू कडेकडे सरकतो. त्यातून येणारी मूळ झळाळी नाणं तिरकं केलं की त्यावरून फिरते. माझ्या नाण्यावर ती उरलीच नव्हती, आणि गेलेली झळाळी परत येत नाही. म्हणून कळकळीनं सांगतो, नाणं घासू नका. कडेला धरा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका, त्यानं हिरवट चिकट थर चढून धातू खराब होतो.

झीज आधी उंचवट्यांवर दिसते: गाल, भुवई, कानावरचे केस. नाण्यांचे अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी 1949 साली अमेरिकेच्या जुन्या, मोठ्या आकाराच्या सेंट नाण्यांची स्थिती मोजायला 1 ते 70 अशी श्रेणी मांडली; आज ती इतर नाण्यांनाही लावतात. 60 पासून पुढची नाणी चलनात न झिजलेली. भावाची मोठी उडी बहुतेक वेळा याच वरच्या टप्प्यात असते, आणि 64 व 66 मधला फरक नवख्या डोळ्याला सहसा दिसत नाही. डोळा तयार होईपर्यंत महागडी खरेदी थांबवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुर्मिळतेबद्दल मात्र माझा समज साफ चुकीचा होता. जुनं म्हणजे दुर्मिळ, असं नसतं. चौथ्या शतकातली रोमन तांब्याची नाणी पुरलेल्या साठ्यांतून इतकी निघाली की त्यातली साधी नाणी आजही स्वस्त मिळतात. उलट अमेरिकेत 1933 साली वीस डॉलरची 4,45,500 सोन्याची नाणी पाडली गेली, पण जवळजवळ सगळी वितळवली गेली. पाडली किती यापेक्षा उरली किती, हे विचारा.

अमेरिकेचा 1913 चा लिबर्टी निकेल, म्हणजे पाच सेंटचं नाणं, घ्या. जगात फक्त पाच माहीत आहेत. त्यातला एक त्याचा मालक खिशात घालून हिंडायचा, लोकांना दाखवायचा. साहजिकच तो झिजला, तरी त्याचं मोल प्रचंड आहे. पाचच असतील तर झीज चालवून घेतात. लाखोंनी उरलेल्या नाण्याला ती सवलत नाही; तिथे सगळा भाव स्थितीवर.

ते घासलेलं नाणं मी टाकलं नाही. नवं काही पाहायला मिळालं की दोन्ही शेजारी धरतो आणि झळाळी फिरते का ते बघतो.