स्काला: नोड तोच, तरी टाइप मिसमॅच का?

परवा टीममधल्या मुलीने स्काला या प्रोग्रामिंग भाषेतली एरर दाखवली: 'फाउंड: नकाशा.नोड, रिक्वायर्ड: फ.ग.नोड'. ती म्हणाली, "दादा, ग्राफ एकच आहे हो, मग कंपायलर नाही का म्हणतोय?"

नकाशा हे तिच्या ग्राफचं, म्हणजे नोडच्या जाळ्याचं, नाव. ग्राफ एकच आहे हे तिला माहीत होतं, कोड चालण्याआधी तपासणाऱ्या कंपायलरला नव्हतं. ग्राफ या ट्रेटच्या (क्लासना मिळणाऱ्या सामायिक साच्याच्या) आत नोड हा टाइप असेल, तर प्रत्येक ग्राफचा नोड वेगळा. तो कुणाचा, हे कंपायलर नावाच्या वाटेवरून, म्हणजे टिंबाआधी काय लिहिलंय त्यावरून, ठरवतो. रन झाल्यावर मेमरीत काय असेल ते तो बघत नाही.

तिचा क्लास जेनेरिक होता, म्हणजे त्यातला एक टाइप वापरताना ठरतो: क्लासचं नाव फेरी, टाइप पॅरामीटर जी, बंधन ग्राफ (जी हा ग्राफच हवा), कन्स्ट्रक्टरमध्ये 'व्हॅल ग: जी' (व्हॅल म्हणजे न बदलणारं नाव). मेथड 'ग.नोड' घेते. इथवर सगळं बरोबर. घोळ होता बाहेर, 'व्हॅल फ = न्यू फेरी(नकाशा)' या ओळीत. इथे कंपायलर जी म्हणजे ग्राफ असं धरतो. 'हाच नकाशा' ही माहिती तिथेच गळते आणि उरतो कुठलातरी ग्राफ.

म्हणून टाइप स्वतः लिहा: 'न्यू फेरी[नकाशा.टाइप](नकाशा)'. आता फ.ग आणि नकाशा एकच, हे कंपायलरला कळतं. दर वेळी लिहायचं नसेल तर क्लासमधलं बंधन 'ग्राफ विथ सिंगलटन' करा (सिंगलटन म्हणजे 'हीच एक वस्तू' असा टाइप). मला हेच जास्त आवडतं, कारण वापरणाऱ्याला काही लक्षात ठेवावं लागत नाही.

'ग'च्या आधीचं व्हॅल विसरलात, तर प्रायव्हेट व्हॅल्यू स्कोपबाहेर 'एस्केप' होते अशी तक्रार येईल. व्हॅलऐवजी व्हार केलंत तर 'स्टेबल आयडेंटिफायर रिक्वायर्ड'. बदलू शकणाऱ्या नावावर टाइप टेकवता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

मेथडमधला एखादा टाइप तिच्याच पॅरामीटरवर अवलंबून असेल, तर तो डिपेंडंट मेथड टाइप. 'इल्लीगल डिपेंडंट मेथड टाइप' दिसलं तर कंस बघा. स्काला 2 मध्ये ग्राफ पहिल्या कंसात आणि त्याचा नोड पुढच्या कंसात लागतो. एकाच कंसात दोन्ही चालत नाहीत. 2.10 च्या आधीच्या जुन्या कोडमध्ये मात्र डिपेंडंट मेथड टाइपची सोय कंपायलरला फ्लॅग (जादा सूचना) देऊनच चालू व्हायची, तेव्हा आधी आवृत्ती तपासा.

अशी मेथड फंक्शन म्हणून दुसरीकडे पाठवायची असेल तर स्काला 2 नकार देतो. तिथे मी अप्लाय नावाची मेथड असलेला छोटा ट्रेट लिहितो. 2021 च्या स्काला 3 मध्ये डिपेंडंट फंक्शन टाइप आहेत, तिथे ट्रेटची गरज नाही.