क्रिया-प्रतिक्रियेची जोडी कशी ओळखायची

मी नववीला विज्ञान शिकवते. ‘प्रत्येक क्रियेला तेवढ्याच बलाची, उलट दिशेची प्रतिक्रिया असते’ हा न्यूटनचा तिसरा नियम मुलांना तोंडपाठ असतो. पण टेबलावरच्या पुस्तकाच्या वजनाची प्रतिक्रिया कुठली, असं विचारलं की हमखास उत्तर येतं, ‘टेबल वर ढकलतं ती.’ हे चूक. ही दोन्ही बलं एकाच पुस्तकावर लागतात, आणि क्रिया-प्रतिक्रिया कधीच एका वस्तूवर नसतात.

म्हणून बल नेहमी पूर्ण वाक्यात लिहा: कोण कोणाला काय करतं. मग दोन नावांची अदलाबदल करा. ‘पृथ्वी पुस्तकाला ओढते’, तर ‘पुस्तक पृथ्वीला ओढतं’. ‘टेबल पुस्तकाला ढकलतं’, तर ‘पुस्तक टेबलाला ढकलतं’. एका वाक्यात ओढणं आणि दुसऱ्यात ढकलणं आलं, की समजा जोडी चुकली.

आता स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. त्यावर पाऊण ग्लास पाणी ठेवून आकडा शून्य करा. साधारण ८० ग्रॅमचा भरीव लोखंडी बोल्ट दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. बोल्ट तुमच्या हातात लोंबतोय, तरी काटा १० ग्रॅमच्या आसपास दाखवेल! पाणी बोल्टला वर ढकलतं, म्हणून बोल्ट पाण्याला तेवढ्याच बलाने खाली ढकलतो. हा आकडा बोल्टने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढा असतो. आता बोल्ट तळाला टेकवून दोरा सैल सोडा, काटा पूर्ण ८० वर जाईल. हा प्रयोग मुलांना स्वतःच्या हातांनी करू द्या, फळ्यावरच्या आकृतीने एवढं पटत नाही.

‘मग कैरी पडताना पृथ्वी वर का येत नाही?’ हा प्रश्न फार चांगला आहे, तो टाळू नका. २०० ग्रॅमची कैरी पृथ्वीला सुमारे २ न्यूटन बलाने खरोखरच ओढते. पण पृथ्वीचं वस्तुमान ६ × १०²⁴ किलो, त्यामुळे तिचं सरकणं मोजता येत नाही. बल सारखं असलं तरी त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, सारखं नसतं.

रस्सीखेचीतही दोरीचा ताण दोन्हीकडे जवळजवळ सारखाच असतो. जिंकतो तो जमिनीला पायांनी जास्त जोराने रेटणारा संघ. पटत नसेल तर दोन तानकाटे (ओढून बल मोजायचे स्प्रिंगचे काटे) एकमेकांत अडकवा, एक खिडकीच्या गजाला बांधा आणि दुसरा ओढा. गज जागचा हलत नाही, पण दोन्ही काटे एकच आकडा दाखवतात.