दोन देशांतील जीवनमानाची तुलना कशी करावी

दोन देशांपैकी राहण्यास चांगला कोणता, हे विचारण्याआधी ते कोणासाठी विचारले जात आहे हे ठरवावे लागते. लहान मुले असलेले कुटुंब, एकटा विद्यार्थी, निवृत्त दांपत्य आणि धोरणाचा अभ्यास करणारा संशोधक यांना एकाच तक्त्यातून वेगवेगळी उत्तरे मिळतात. म्हणून तुलनेचा हेतू एका वाक्यात लिहून काढावा आणि त्या हेतूशी संबंध नसलेले आकडे, कितीही सहज मिळत असले तरी, बाजूला ठेवावेत.

उत्पन्नापासून सुरुवात करण्यास हरकत नाही, मात्र सर्वाधिक दिशाभूलही येथेच होते. चलनाच्या बाजारातील विनिमय दराने दरडोई उत्पन्न डॉलरमध्ये मांडले, तर स्वस्ताई असलेला देश आहे त्यापेक्षा गरीब दिसतो, कारण घरभाडे, केशकर्तन किंवा शिकवणी यांसारख्या सेवांची देशोदेशी आयात-निर्यात होत नाही आणि त्यांच्या किमती विनिमय दरात उतरत नाहीत. यासाठी क्रयशक्ती समतेनुसार, म्हणजे देशोदेशीच्या किमतींतील फरक जमेस धरून, काढलेले आकडे घ्यावेत. जागतिक बँकेच्या माहितीसंग्रहात ते बहुतेक देशांसाठी उपलब्ध असतात. शिवाय देशात निर्माण झालेले उत्पन्न देशातील लोकांच्या हाती पडतेच असे नाही. आयर्लंडचे स्थूल देशांतर्गत उत्पादन 2015 मध्ये सुमारे 26 टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले, तेव्हा तेथील कुटुंबांची कमाई एका वर्षात सव्वापट झालेली नव्हती. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तेथे हलवल्याचा तो मुख्यतः परिणाम होता. पुढे त्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयालाच असे परिणाम वगळणारा वेगळा निर्देशक तयार करावा लागला. सामान्य माणसाच्या स्थितीचा अंदाज हवा असल्यास कुटुंबाच्या करोत्तर उत्पन्नाचा मध्यक (निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो आकडा) शोधावा आणि त्याच्या शेजारी उत्पन्नातील विषमता मोजणारा गिनी गुणांक ठेवावा, कारण मूठभर अतिश्रीमंतांमुळे सरासरी वर खेचली जाते, मध्यक सहसा जागचा हलत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे 1990 पासून प्रसिद्ध होणारा मानव विकास निर्देशांक आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांना एकत्र आणतो. पहिल्या चाळणीसाठी तो उत्तम आहे, परंतु क्रमवारीत एकमेकांच्या आसपास असलेल्या दोन देशांबद्दल त्यावरून निष्कर्ष काढू नये. निर्देशांक उघडून त्याचे घटक स्वतंत्रपणे वाचावेत आणि त्याच अहवालातील विषमता-समायोजित निर्देशांकही पाहावा. दोन्हींतील तफावत जितकी मोठी, तितका त्या देशातील विकास असमान वाटलेला असतो.

आरोग्याचे आकडे माझ्या मते उत्पन्नापेक्षा अधिक बोलके असतात. क्रयशक्तीनुसार मोजले तरी अमेरिकेचे दरडोई उत्पन्न कोस्टारिकाच्या दुपटीहून अधिक भरते, आणि तरीही कोस्टारिकातील आयुर्मान अमेरिकेपेक्षा कमी नाही. आयुर्मानाबरोबर पाच वर्षांखालील बालकांचा मृत्युदर, मातामृत्यूचे प्रमाण आणि एकूण आरोग्यखर्चापैकी रुग्णाला स्वतःच्या खिशातून भरावा लागणारा हिस्सा पाहावा. हा शेवटचा आकडा क्वचितच कोणी पाहतो. आजारपण आल्यावर कुटुंब कर्जात बुडेल का, याची कल्पना मात्र त्यावरूनच येते. पगाराची तुलना करतानाही हेच भान ठेवावे. जास्त कर घेणारा देश उपचार, शिक्षण आणि पाळणाघर त्या करातूनच पुरवत असेल, तर केवळ हातात पडणारा पगार मोजणे अन्यायाचे ठरते.

एकाच नावाखाली दोन देश भिन्न गोष्टी मोजत असतील, तर तुलना तेथेच थांबवावी. स्वीडनमध्ये लैंगिक गुन्ह्यांच्या नोंदी तक्रार येताच आणि प्रत्येक घटना स्वतंत्र धरून होतात, त्यामुळे वेगळी पद्धत असलेल्या देशाशेजारी तो आकडा ठेवणे व्यर्थ आहे. सुरक्षिततेसाठी हत्येचे दर लाख लोकसंख्येमागील प्रमाण त्यातल्या त्यात विश्वासार्ह असते. बेरोजगारीचा दर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येनुसार घ्यावा. तथापि त्या व्याख्येत आठवड्यात एक तास मोबदल्याचे काम केलेली व्यक्तीही रोजगारात धरली जाते, हे विसरू नये. कामाच्या वार्षिक तासांचे तक्ते सर्वत्र फिरत असतात, पण ते प्रसिद्ध करणारी आर्थिक सहकार्य व विकास संघटना स्वतःच सांगते की ते एका वर्षातील देशादेशांची पातळी ताडून पाहण्यासाठी नाहीत, काळानुसार होणारा बदल पाहण्यासाठी आहेत. हवेसाठी पीएम 2.5, म्हणजे हवेतील अतिसूक्ष्म कण, यांची वार्षिक सरासरी पुरे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेली मर्यादा घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅम आहे.

जागतिक आनंद अहवालातील क्रमवारी मुख्यतः एका प्रश्नावर उभी असते: शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर आपले आयुष्य आपण कोठे ठेवाल? त्यातून समाधान कळते, परिस्थिती कळत नाही. म्हणून तो आकडा इतरांत न मिसळता वेगळ्या रकान्यात ठेवावा.

अखेरीस तक्ता मांडताना दोन्ही देशांसाठी प्रत्येक निर्देशक एकाच वर्षाचा आणि एकाच संस्थेचा असावा. एकत्रित गुण काढायचेच असतील, तर प्रत्येक घटकाचे भारांक, म्हणजे त्याला किती महत्त्व द्यायचे ते आकडे, सुरुवातीच्या हेतूनुसार ठरवून लिहून ठेवावेत आणि मग ते थोडेथोडे बदलून निकाल पुन्हा काढावा. भारांकातील किरकोळ फरकाने पहिला देश दुसरा ठरत असेल, तर निष्कर्षाच्या जागी तसेच लिहावे आणि ज्या घटकांमुळे पारडे फिरते त्यांची नावे द्यावीत.