यूचं धनुष्य सोलापूरच्या हवेत: लाकूड निवडण्यापासून वाक जमवण्यापर्यंत

यू या सूचिपर्णी झाडाच्या एकाच फळीत दोन लाकडं असतात. सालीखालचं पांढुरकं लाकूड ताण सोसतं, आतला तांबूस गाभा दाब सोसतो. म्हणून पांढरा थर धनुष्याच्या पाठीला, म्हणजे नेमाच्या बाजूला, आणि गाभा पोटाला ठेवतात. 1545 साली बुडालेल्या ‘मेरी रोज’ या इंग्लिश युद्धजहाजातली धनुष्यंही यूचीच आहेत.

फळी साधारण सहा फूट हवी, वाढीची वलयं दाट आणि रेषा सरळ. पांढरा थर 6 ते 8 मिमी पुरे. तो जास्त जाड असेल तर उतरवता येतो, पण उतरवताना एकाच वलयाच्या मागे जा. मध्येच वलय कापलं गेलं की नेमकी तिथेच चीर उचलते. गाठ दिसली तर तिच्याभोवती लाकूड थोडं उंच राहू द्या.

फळीची टोकं आधी फेव्हिकॉल किंवा मेणाने बंद करा, नाहीतर आपल्या उन्हाळ्यात ती आठवडाभरात फाटतील. पत्र्याखाली ठेवू नका. दगडी घराच्या सावलीतल्या खोलीत आडवी ठेवा, दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की कामाला घ्या. 9 ते 12 टक्के ओल चांगली. एप्रिल-मेमध्ये ती त्याखाली जाऊ शकते आणि लाकूड ठिसूळ होतं. त्या दिवसांत सराव सकाळीच उरकावा, कारण तापलेला यू ढिलाही पडतो.

तासणं सोपं आहे, खरी कसोटी वाक जमवण्याची, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वाकतील असं करण्याची. थोडं तासा, पंधरा-वीसदा हलकेच वाकवा, मग दोन्ही बाजूंचा बाक बघा. ठरवलेल्या जोरापेक्षा जास्त कधीच ओढू नका. पोटावर आडव्या बारीक रेषा उमटल्या तर तो भाग जास्त वाकतोय. तिथे कानस लावायची नाही. आजूबाजूचा ताठ भाग पातळ करायचा. बाण न लावता दोरी सोडलीत तर धनुष्य तुटूही शकतं.

यूचा भुसा विषारी असतो. मास्क लावा, भुसा जनावरांच्या चाऱ्याजवळ पडू देऊ नका.

हिमालयातला यू, म्हणजे थुनेर, औषधासाठी इतका तोडला गेला की तो मागवायच्या फंदात पडू नये. त्याऐवजी धामण घ्या. धनुष्यासाठी हे आपल्याकडचं जुनं लाकूड. धामण पोटाला ठेवा आणि तिच्या पाठीवर बांबूची 3 ते 4 मिमी पट्टी इपॉक्सीने चिकटवा, बांबूची साल बाहेरच्या बाजूला. पेरं अगदी हलकी घासा. पट्टी यापेक्षा जाड ठेवलीत तर बांबू ताणात वरचढ ठरतो आणि धामणीच्या पोटावर त्याच आडव्या रेषा उमटतात.